दाब चढतोय की उतरतोय? नव्या वैमानिकासाठी हवेच्या दाबाची ओळख

ग्राउंड स्कूलमध्ये हवामानाचा विषय सुरू झाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: जास्त दाब म्हणजे चांगलं हवामान, कमी दाब म्हणजे वाईट. वाक्य खोटं नाही, पण तेवढ्यावर विसंबून उड्डाण ठरवणं धोक्याचं आहे. जास्त दाबाच्या निरभ्र आकाशाखालीही धावपट्टी दिसेनाशी होते, आणि कमी दाबाच्या दोन क्षेत्रांमध्ये उड्डाणाला उत्तम असे काही तास मिळून जातात. नुसता आकडा वैमानिकाच्या फारसा कामाचा नाही. तीन तासांपूर्वी तो किती होता, वाटेतल्या विमानतळांवर किती आहे आणि त्यामुळे आपल्या आल्टिमीटरचं (उंची दाखवणाऱ्या उपकरणाचं) काय होणार, हे पाहिलं की त्याला अर्थ येतो. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: चार आकडे पाठ करा

आपल्या डोक्यावर जेवढी हवा आहे तिचं वजन म्हणजे हवेचा दाब. वर जाल तशी डोक्यावरची हवा कमी होते, म्हणून दाबही कमी होतो. टॉरिचेलीने १६४३ साली पाऱ्याच्या नळीने हे वजन मोजून दाखवलं. काही देशांत आजही दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, तो त्याच नळीचा वारसा.

प्रमाण वातावरणात (हिशोबासाठी ठरवलेल्या सरासरी वातावरणात) समुद्रसपाटीला दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे २९.९२ इंच, आणि तापमान १५ अंश सेल्सिअस धरतात. जमिनीजवळ साधारण २८ फूट वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो. तोंडी हिशोबाला ३० फूट धरा. एक इंच म्हणजे ढोबळ १,००० फूट. सुमारे १८,००० फुटांवर दाब जमिनीच्या निम्म्यावर येतो.

रोजच्या कामात समुद्रसपाटीचा दाब बहुतेक वेळा ९८० ते १०४० च्या दरम्यान असतो. टोकाच्या नोंदी वेगळ्या. १९७९ साली पॅसिफिकमधल्या ‘टिप’ या टायफूनच्या केंद्रात ८७० हेक्टोपास्कल मोजले गेले, तर सायबेरियाच्या कडक हिवाळ्यात १०८० च्या वरची नोंद झालेली आहे.

मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या ताज्या हवामान अहवालात, हा आकडा ‘क्यू’ अक्षरापुढे येतो, उदाहरणार्थ क्यू१००८. इंच वापरणाऱ्या देशांत ‘ए’ अक्षरापुढे चार अंक असतात, जसं ए२९९२. हेक्टोपास्कलमधला आकडा नेहमी खालच्या पूर्णांकावर आणतात, म्हणजे १००८.९ असेल तरी १००८ च लिहितात. त्यामुळे आल्टिमीटर प्रत्यक्षापेक्षा किंचित कमी उंची दाखवतो आणि ती चूक सुरक्षित बाजूला राहते.

पायरी २: हवा वर चढतेय की खाली बसतेय, ते ओळखा

कमी दाबाच्या क्षेत्रात जमिनीलगतची हवा चहूबाजूंनी आत ओढली जाते. आत आलेल्या हवेला जायला वरचीच दिशा उरते. वर चढताना ती प्रसरण पावते आणि दर हजार फुटांना सुमारे ३ अंशांनी गार होते. दवबिंदूचं तापमान गाठलं की बाष्पाचे थेंब होतात, ढग धरतो. त्यानंतर गार होण्याचा वेग मंदावतो, कारण बाष्पाचे थेंब होताना उष्णता बाहेर पडते. हीच उष्णता मोठ्या गडगडाटी ढगांना आणखी वर ढकलते.

जास्त दाबाच्या क्षेत्रात याच्या उलट. वरची हवा हळूहळू खाली बसते, दाबली जाते, तापते आणि कोरडी पडते. ढग विरतात, जमिनीलगत ती बाहेरच्या बाजूला पसरते.

तापमान आणि दवबिंदू यांच्यातला फरक अंशांत घेऊन त्याला ४०० ने गुणलं की गठ्ठ्यांच्या ढगांचा तळ अंदाजे किती फुटांवर असेल ते कळतं. तापमान ३०, दवबिंदू २२, फरक ८, तर तळ जमिनीपासून सुमारे ३,२०० फूट. हे गणित दुपारच्या चढत्या हवेच्या ढगांना लागू पडतं, थरांच्या ढगांना नाही.

पायरी ३: जास्त दाबाला सौम्य समजू नका

मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण कमी दाबाचं नाव काढलं की नवखा वैमानिक आपोआप सावध होतो. जास्त दाबाबाबत तसं होत नाही. नकाशावर जास्त दाबाची खूण असलेला मोठा ‘एच’ दिसला की पुढच्या तपासण्या झरझर उरकल्या जातात.

खाली बसणारी हवा तापते, पण ती अगदी जमिनीपर्यंत पोचत नाही. मध्येच कुठेतरी, दोन-तीन हजार फुटांवर म्हणा, खालच्या थंड हवेवर उबदार हवेचं झाकण बसतं. वर जाताना तापमान उतरायचं सोडून चढतं. यालाच तापमानाची विपरितता किंवा इन्व्हर्जन म्हणतात. धूर, धूळ, बाष्प, सगळं या झाकणाखाली अडकतं. जास्त दाबाचं क्षेत्र एका जागी बसून राहिलं तर दृश्यमानता दिवसागणिक खालावत जाते. पहिल्या दिवशी दहा किलोमीटर दिसतं, चौथ्या दिवशी त्याच स्वच्छ म्हटल्या जाणाऱ्या हवेत तीन-चार किलोमीटरच दिसतं.

धुरक्याचा एक फसवा गुण आहे. धावपट्टीच्या बरोबर वरून खाली पाहिलं तर ती स्पष्ट दिसते, कारण नजर पातळ थरातून जाते. तीच धावपट्टी अप्रोचवर, म्हणजे उतरायला तिच्याकडे येताना, तिरक्या नजरेने पाहायला गेलं की दिसत नाही, कारण आता नजरेला त्याच थरातून कितीतरी लांब जावं लागतं. सूर्य समोर असेल तर आणखीच कठीण. म्हणून ‘वरून तर सगळं दिसत होतं’ या भरवशावर सर्किटमध्ये (उतरण्यापूर्वीच्या धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेऱ्यात) शिरू नका. मेटारमधली दृश्यमानता पाहा आणि शक्य असेल तर सूर्य पाठीशी राहील अशी धावपट्टी मागा.

दुसरा धोका धुक्याचा. रात्र निरभ्र, वारा मंद, जमीन ओली. जास्त दाबाच्या क्षेत्रात या तिन्ही गोष्टी सहज जुळून येतात. संध्याकाळी तापमान आणि दवबिंदू यांतला फरक ३ अंशांच्या आत आला असेल तर पहाटे धुकं पडेल असं गृहीत धरूनच बेत आखा. सूर्य उगवला म्हणजे धुकं लगेच उठतं असं नाही. उगवल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या-एक तासात हवा जरा ढवळली जाते आणि धुकं उलट दाट होऊ शकतं. पहाटे पोचण्याचा बेत असेल तर दोन तासांचं जादा इंधन आणि धुक्याच्या टापूबाहेरचा पर्यायी विमानतळ, दोन्ही हवेत.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. निरभ्र रात्री जमिनीवर वारा पूर्ण पडलेला असतो, पण इन्व्हर्जनच्या वर, हजार-दोन हजार फुटांवर, तो २५ ते ४० नॉट (ताशी सागरी मैल) असू शकतो. टेकऑफनंतर चढताना किंवा उतरताना या सीमेतून जाताना हवेतला वेग अचानक बदलतो. विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी पिशवी) लोंबकळतोय म्हणून निर्धास्त होऊ नका. दोन हजार फुटांवरच्या वाऱ्याचा अंदाज वाचून घ्या.

थंडीच्या दिवसांत जास्त दाबाखाली स्ट्रॅटोक्युम्युलस ढगांचा करडा थर दिवसचे दिवस हलत नाही, कारण त्याला हलवायला वाराच नसतो. दाब १०३५ आणि ढगांचा तळ १,२०० फूट, असं चित्र अगदी शक्य आहे. त्या थरात तापमान शून्याखाली असेल तर विमानावर बर्फही धरतो.

पायरी ४: कमी दाबातल्या फ्रंटचा क्रम शिका

मध्यम अक्षांशांत कमी दाबाचं क्षेत्र बहुधा फ्रंट घेऊन येतं. हे चित्र पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेतल्या बर्गेन इथे विल्हेल्म ब्येर्कनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं, आणि उबदार व थंड हवेच्या सीमेला रणांगणावरून ‘फ्रंट’ हे नाव दिलं.

वॉर्म फ्रंट चोरपावलांनी येतो. आधी उंचावर सिरस, मग सूर्याभोवती खळं दाखवणारा सिरोस्ट्रॅटस, मग सूर्य काचेआड गेल्यासारखा करणारा आल्टोस्ट्रॅटस, शेवटी पावसाचा निम्बोस्ट्रॅटस. दाब सतत उतरत असतो. या फ्रंटच्या सीमेचा उतार इतका सौम्य असतो की पहिला सिरस दिसतो तेव्हा जमिनीवरचा फ्रंट कैकशे किलोमीटर दूर असू शकतो. नव्या वैमानिकाला इथे फसायला होतं, कारण ढगांचा तळ एकदम खाली येत नाही. तो शंभर-दोनशे फुटांनी उतरत राहतो आणि वैमानिक त्याच्याबरोबर खाली सरकत जातो. यावर उपाय एकच: किती उंचीखाली जायचं नाही हे निघण्यापूर्वी कागदावर लिहा आणि ती रेघ आली की मागे वळा.

हिवाळ्यात वॉर्म फ्रंटच्या पुढे एक गंभीर गोष्ट घडते. वरच्या उबदार थरातला पाऊस खालच्या शून्याखालच्या हवेत पडतो आणि विमानाला लागताच गोठतो. लहान विमानाचे पंख काही मिनिटांत बर्फाने जड होतात. बर्फाचे बारीक गोळे पडताना दिसले तर वरच्या थरात असाच गोठणारा पाऊस आहे, असं समजा. अशा वेळी ज्या हवेतून आलात तिकडेच परत फिरा.

कोल्ड फ्रंट उभ्या चढाचा आणि वेगाचा असतो. गडगडाटी ढगांची ओळ, झोडपणारा वारा, काही मिनिटांत बदलणारी वाऱ्याची दिशा. फ्रंट जाईपर्यंत दाब उतरतो आणि गेल्याबरोबर ताडकन चढतो. तो बहुधा लवकर पुढे सरकतो, त्यामुळे जमिनीवर थांबून दोन-चार तास वाट पाहणं हा फार चांगला निर्णय असतो. मागून येणारी हवा स्वच्छ असते, दृश्यमानता झकास असते, पण झोतांचा वारा आणि हेलकावे काही तास राहतात.

दोन कमी दाबांच्या मध्ये जास्त दाबाची जी चिंचोळी पट्टी असते तिला रिज म्हणतात. रिज सुंदर हवामान देते, पण ती त्या दोघांबरोबर पुढे धावत असते. तिच्या भरवशावर परतीचा प्रवास उद्यावर टाकू नका.

पायरी ५: समदाब रेषांवरून वारा वाचा

नकाशावर समान दाबाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा बहुधा ४ हेक्टोपास्कलच्या अंतराने काढतात. रेषा जवळ तर वारा जोराचा, दूर तर मंद. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरळ जात नाही. दोन-तीन हजार फुटांवर तो जवळपास या रेषांना समांतर वाहतो. जमिनीलगत घर्षणामुळे त्याचा वेग उतरतो आणि तो कमी दाबाच्या बाजूला वळतो. हे वळण समुद्रावर १०-१५ अंश, जमिनीवर ३० अंशांच्या आसपास असतं.

डच शास्त्रज्ञ बाईस बॅलट यांनी १८५७ साली सांगितलेला नियम कॉकपिटमध्ये रोज उपयोगी पडतो: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असेल. दक्षिण गोलार्धात उजव्या हाताला. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हा नियम चालत नाही, कारण तिथे पृथ्वीच्या फिरण्याचा वाऱ्यावरचा परिणाम नगण्य असतो.

यातून निघणारी युक्ती अशी. उत्तर गोलार्धात उडताना वारा सतत डावीकडून येत असेल आणि विमान उजवीकडे ढकललं जात असेल, तर तुम्ही कमी दाबाकडे चालला आहात. रेडिओवर नवा दाब मिळालेला नसला तरी तुमचा आल्टिमीटर हळूहळू जास्त उंची दाखवू लागला आहे, हे या वाऱ्यावरून कळतं.

पायरी ६: बदलाचा वेग पाहा, पण दिवसाची लय वगळून

गेल्या तीन तासांचे मेटार शेजारी शेजारी ठेवा. तीन तासांत एखादा हेक्टोपास्कल इकडेतिकडे झाला तर फार विचार करू नका. तीन-चार किंवा अधिक उतरले तर काहीतरी जवळ येतंय. थांबून थांबून उतरत होता आणि आता चढायला लागला, म्हणजे फ्रंट किंवा ट्रफ (कमी दाबाचा लांबट पट्टा) तुमच्यावरून गेला.

उष्ण कटिबंधात मात्र एक पथ्य पाळावं लागतं. तिथे दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: स्थानिक वेळेनुसार सकाळी व रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास खाली. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दोन-तीन हेक्टोपास्कल उतरणं हा तिथला रोजचाच प्रकार आहे. म्हणून तिथे आजचा दुपारी तीनचा आकडा कालच्या दुपारी तीनच्या आकड्याशी ताडून पाहा. चोवीस तासांचा फरक खरं काय ते सांगतो.

पायरी ७: आल्टिमीटर

आल्टिमीटर उंची मोजत नाही. तो दाब मोजतो आणि प्रमाण वातावरण गृहीत धरून त्याचे फूट करून दाखवतो. त्याच्या खिडकीत कोणता दाब लावायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला मेटारमधला दाब, लावला की जमिनीवर उभं असताना तो विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. क्यूएफई, म्हणजे खुद्द विमानतळाच्या पातळीवरचा दाब, लावला की शून्य दाखवतो. ट्रान्झिशन आल्टिट्यूड नावाच्या ठरावीक उंचीच्या वर सगळी विमानं १०१३ लावतात आणि उंची फ्लाइट लेव्हलमध्ये (शंभर फुटांच्या एककांत) सांगतात, म्हणजे आपापसातलं अंतर बिनचूक राहतं. ही सीमा अमेरिकेत १८,००० फुटांवर आहे, इतर अनेक देशांत बरीच खाली आणि विमानतळागणिक वेगळी. ती चार्टवर छापलेली असते.

इंजिन सुरू केल्यावर क्यूएनएच लावा आणि काटा विमानतळाच्या उंचीशी जुळतो का पाहा. अमेरिकेत ७५ फुटांहून अधिक फरक असेल तर उपकरण संशयास्पद मानतात.

आता मुख्य गणित. निघताना १०२० लावला, वाटेत बदलला नाही, आणि दाब १००५ असलेल्या भागात शिरलात. फरक १५, गुणिले ३० म्हणजे ४५० फूट. काटा २,००० दाखवतोय, तुम्ही आहात १,५५० वर. कुठलीही घंटा वाजत नाही, विमान सरळ उडत असतं, काटा हलत नाही. डोंगराळ भागात किंवा ढगांखालून कमी उंचीवर जाताना हेच ४५० फूट जीवघेणे ठरतात.

थंडीही असंच करते. हवा थंड असली की ती दाटते आणि दाबाचे थर एकमेकांजवळ येतात. प्रमाण तापमानापेक्षा दर १० अंश थंडीमागे ज्या स्टेशनचा क्यूएनएच आहे तिथून वरच्या उंचीच्या सुमारे ४ टक्के कमी धरा. स्टेशनपासून ५,००० फूट वर असाल आणि हवा प्रमाणापेक्षा २५ अंश थंड असेल, तर तुम्ही प्रत्यक्षात ५०० फूट खाली आहात, क्यूएनएच अचूक लावलेला असूनही.

ऐकण्यातल्या चुकांची भीती बाळगा. १०१३ च्या जागी १००३ ऐकू आलं तर ३०० फूट, २९.९२ च्या जागी २८.९२ लावलं तर १,००० फूट. सर्वांत वाईट प्रकार एककाचा. कंट्रोलर ‘नऊ नऊ दोन’ म्हणतो तेव्हा त्याला ९९२ हेक्टोपास्कल म्हणायचे असतात, पण इंचांची सवय असलेला वैमानिक २९.९२ लावतो आणि जवळपास ६०० फूट खाली राहतो. आकडा परत म्हणून दाखवताना एककही मोठ्याने म्हणा. नवा आकडा आधीच्या आकड्यापासून फार दूर वाटला तर पुन्हा विचारा. पुन्हा विचारल्याबद्दल कोणताही चांगला कंट्रोलर रागावत नाही.

जास्त दाबाचीही एक अडचण आहे. अनेक आल्टिमीटरवर ३१.०० इंचांच्या, म्हणजे सुमारे १०५० हेक्टोपास्कलच्या वर आकडाच लावता येत नाही. १९८९ च्या जानेवारीअखेर अलास्कात दाब त्याच्याही वर गेला होता.

पायरी ८: धावपट्टी पुरेल का

क्यूएनएच १०१३ पेक्षा जेवढा कमी, तेवढे गुणिले ३० फूट विमानतळाच्या उंचीत मिळवा. ही झाली प्रेशर आल्टिट्यूड. मग प्रमाणापेक्षा जितके अंश जास्त तापमान, तितके गुणिले १२० फूट मिळवा. ही डेन्सिटी आल्टिट्यूड. विमानतळ २,००० फुटांवर, क्यूएनएच १००३, तापमान ३५. प्रेशर आल्टिट्यूड २,३००. तिथलं प्रमाण तापमान साधारण १०.५, फरक २४.५, म्हणजे जवळजवळ २,९५० फूट. तुमचं विमान ५,२५० फुटांवर असल्यासारखं धावेल आणि तसंच चढेल. यात मोठा वाटा उष्णतेचा आहे, दाबाचा फक्त ३०० फुटांचा, पण परफॉर्मन्सचे तक्ते वाचताना दोन्ही हवेत.

पायरी ९: एक प्रवास जुळवून पाहा

उत्तर गोलार्धातला १५० सागरी मैलांचा दिवसाचा प्रवास धरा. निघण्याच्या ठिकाणी क्यूएनएच १०१६, मध्ये १०१२, शेवटी १००६. तीन तासांपूर्वी शेवटच्या ठिकाणी १०१० होता, निघण्याच्या ठिकाणी बदल नाही. शेवटच्या ठिकाणी तापमान १४, दवबिंदू १२.

कमी दाब पुढे आहे आणि तो जवळ येतोय, कारण पुढचाच आकडा उतरतोय. वाटेचा दुसरा टप्पा पहिल्यापेक्षा तीव्र उताराचा, म्हणजे वारा तिथे वाढणार आणि डावीकडून येणार. आल्टिमीटर न बदलता गेलो तर ३०० फुटांची चूक. तापमान आणि दवबिंदू यांतला फरक दोनच अंश, पाऊस सुरू झाला की तोही संपेल आणि ढग आणखी खाली येतील. टॅफमधला (विमानतळाच्या हवामान अंदाजातला) ढगांचा तळ पोचण्याच्या वेळेला आत्ताच्यापेक्षा कमी दिलेला असेल तर मी हा प्रवास मधल्या विमानतळापर्यंतच आखेन. पर्यायी विमानतळही मागच्या बाजूचा, जास्त दाबाकडचा निवडेन, पुढचा नाही. पुढचा विमानतळ मुक्कामाच्या ठिकाणासोबतच बंद पडण्याची शक्यता असते.

निघालातच तर मध्यावर ताजा क्यूएनएच घ्या आणि पुढच्या ठिकाणचा नवा मेटार विचारा. तो १००५ च्या खाली गेला असेल तर मागे फिरण्याचा निर्णय तिथेच घ्या, शेवटच्या वीस मैलांवर नाही. जवळपास गडगडाटी पाऊस चालू असेल तर अप्रोच सुरू करण्याआधी क्यूएनएच आणखी एकदा मागून घ्या: ढगातून कोसळणाऱ्या थंड हवेखाली दाब काही मिनिटांत दोन-चार हेक्टोपास्कल चढतो आणि वादळ सरकलं की तितक्याच झपाट्याने उतरतो, तेव्हा दहा मिनिटांपूर्वी लावलेला आकडा शंभरेक फुटांनी चुकलेला असू शकतो.